माथ्यावरचा रुमाल : ग्लारुस शहराचा वारसा

स्वित्झर्लंडमधील शहरांची नावे विचारली तर आपल्या वाचकांना झुरिक आठवेल, जिनिव्हा आठवेल, फार तर बर्न आणि दावोस. ग्लारुस हे नाव त्यांत बहुधा नसेल. ग्लारुस हे त्याच नावाच्या एका छोट्या कँटनच्या राजधानीचे शहर. कँटन म्हणजे तिथले घटकराज्य. या साऱ्या राज्याची लोकसंख्या चाळीस हजारांच्या थोडी वर आणि राजधानीची, शेजारची गावे धरून, बारा-तेरा हजार. आपल्याकडे तालुक्याचे ठिकाणही याहून मोठे असते.

एवढ्याशा शहराची दखल मराठी मुस्लिम वाचकांनी का घ्यावी? आमच्या मते त्याला सबळ कारण आहे. एकोणिसाव्या शतकात या दरीतल्या कारखान्यांत छापलेले रुमाल उस्मानी साम्राज्यातील लाखो मुस्लिम स्त्रियांच्या डोक्यावर गेले. त्या रुमालांनी हे शहर श्रीमंत केले. पुढे त्याच भूभागातली माणसे मजूर म्हणून स्वित्झर्लंडमध्ये आली, तेव्हा त्यांच्या मिनारांचा आणि स्त्रियांच्या बुरख्याचा प्रश्न याच शहरातल्या मतदारांसमोर आला. वारसा म्हणजे काय आणि तो कोणाचा, हे समजून घ्यायला ग्लारुससारखे उदाहरण क्वचित सापडेल.

मेलेल्या माणसाची साक्ष

लिंथ नदीच्या अरुंद दरीत हे शहर वसले आहे. शहराच्या डोक्यावरच ग्लेर्निश पर्वताचा कडा उभा आहे. त्याची उंची २९०० मीटरहून अधिक. शेतीला जमीन थोडी. मध्ययुगात ही दरी ऱ्हाइन नदीकाठच्या सेकिंगन येथील स्त्रियांच्या मठाच्या मालकीची होती. त्याविषयी एक दंतकथा आहे. उर्सो नावाच्या जमीनदाराने ही जमीन फ्रिडोलिन या संताला दान दिली. उर्सो मेल्यावर त्याच्या भावाने दान नाकारले. तेव्हा फ्रिडोलिनने उर्सोला कबरीतून उठवून थेट न्यायसभेत साक्षीला उभे केले. आजही ग्लारुसच्या राज्यचिन्हावर लाल पार्श्वभूमीवर हाच संत आहे. कथा खरी मानायचे कारण नाही. पण एखाद्या समाजाने आपल्या आरंभाची गोष्ट म्हणून लढाई न सांगता दिवाणी खटला सांगावा, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

लढायाही झाल्याच. १३५२ मध्ये ग्लारुस स्विस संघात सामील झाले. ९ एप्रिल १३८८ रोजी नेफेल्स येथे ग्लारुसच्या शेतकऱ्यांनी हाब्सबुर्ग घराण्याच्या बलाढ्य फौजेला हरवले. त्याची आठवण म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये लोक आजही पायी मिरवणूक काढतात. त्याच्या आदल्या वर्षापासून, म्हणजे १३८७ पासून, इथल्या 'लान्ड्सगेमाइन्ड'ची नोंद सापडते. हा शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे : राज्यातल्या मतदारांनी उघड्या मैदानात जमून कायदे करायचे. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी ग्लारुसच्या त्साउनप्लाट्स या मैदानात लाकडी फळ्यांचे रिंगण उभारतात. राज्याचा प्रमुख हातात तलवार घेऊन मध्ये उभा राहतो. प्रस्तावावर कोणीही मतदार उठून बोलू शकतो, दुरुस्ती सुचवू शकतो. मग मतपत्रिका हातात धरून हात वर. मोजणी नसते, प्रमुखाने नजरेने अंदाज घ्यायचा आणि निकाल सांगायचा. अशी सभा आज स्वित्झर्लंडमध्ये दोनच राज्यांत उरली आहे. त्यांतले एक ग्लारुस.

ही लोकशाही फार मोठी वाटते. तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. कित्येक शतके त्या रिंगणात फक्त पुरुष होते. स्त्रियांना त्यात उभे राहण्याचा हक्क मिळाला तो १९७१ मध्ये. आपल्याकडे स्त्रियांनी १९५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत मतदान केले होते. मात्र एकदा दार उघडल्यावर ग्लारुस थांबले नाही. २००६ मध्ये याच मैदानात लोकांनी राज्यातील पंचवीस ग्रामसंस्था मोडून तीनच करण्याचा निर्णय घेतला. सरकारने सुचवले होते त्याहूनही हे पुढचे पाऊल होते. २००७ मध्ये मतदानाचे वय सोळा केले. असे करणारे ते पहिले स्विस राज्य.

एक छप्पर, दोन पंथ

ख्रिस्ती धर्मसुधारक झ्विंग्ली झुरिकचा म्हणून ओळखला जातो. त्याआधी, १५०६ ते १५१६ अशी दहा वर्षे, तो ग्लारुसमध्ये धर्मगुरू होता. गावच्या तरुणांबरोबर तो इटलीतल्या लढायांवर गेला. परक्या राजांसाठी भाडोत्री सैनिक म्हणून ही पोरे कशी मरतात, ते त्याने पाहिले. त्या धंद्याला त्याने पुढे कडाडून विरोध केला, त्याचे मूळ इथे आहे.

सुधारणेची लाट आली तेव्हा ग्लारुस दुभंगले. बहुसंख्य लोक प्रोटेस्टंट झाले, काही गावे कॅथलिक राहिली. झ्विंग्लीनंतर आलेल्या वालेन्टिन चूडी या धर्मगुरूने एक वेगळीच वाट काढली. कॅथलिकांसाठी तो जुन्या रीतीने उपासना करी आणि प्रोटेस्टंटांना नव्या रीतीने प्रवचन देई. त्याच घराण्यातल्या एगिडिउस चूडीने मात्र प्रोटेस्टंटांना बळाने परत आणण्याची खटपट केली. हाच चूडी पुढे स्विस इतिहासाचा मोठा बखरकार म्हणून गाजला. एकाच घरात दोन्ही प्रवृत्ती होत्या. सतराव्या शतकात तर दोन्ही पंथांच्या सभा वेगळ्या झाल्या, कारभार वेगळे झाले. एका दरीत जणू दोन राज्ये नांदत होती. १८३६ च्या नव्या राज्यघटनेने ही फाळणी संपवली.

मात्र शहरातले मुख्य चर्च दोन्ही पंथांनी मिळूनच वापरले. जुने चर्च जळाल्यावर १८६० च्या दशकात नवे बांधले, तेही दोघांसाठी. कॅथलिकांनी स्वतःचे वेगळे चर्च बांधले ते १९६४ मध्ये. म्हणजे एकमेकांना चुकलेले मानणारी माणसे चारशे वर्षांहून अधिक काळ एकाच छपराखाली वेळा वाटून घेऊन प्रार्थना करत राहिली. आमच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. पंथ-मसलकांच्या भांडणात मशिदीच्या दारावर पाट्या लागलेल्या आपण पाहिल्या आहेत.

आपलीच कोयरी, आपलेच चीट

आता रुमालांकडे येऊ. सतराव्या शतकात हिंदुस्थानातले छापील सुती कापड युरोपात पोहोचले आणि तिथल्या बाजाराला वेड लागले. आपल्या चिटाच्या कापडावरून इंग्रजीत 'चिंट्झ' शब्द गेला. फ्रेंचांनी त्या कापडाला सरळ 'हिंदी' असेच नाव दिले. देशी विणकर बुडतील म्हणून फ्रान्सने १६८६ मध्ये या कापडावर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. याच सुमारास धर्मछळामुळे फ्रान्सबाहेर पडलेल्या प्रोटेस्टंट कारागिरांनी छापण्याचा हुनर जिनिव्हा आणि नॉशातेल भागात नेला. तो पसरत १७४० मध्ये ग्लारुसला पोहोचला. योहान हाइनरिश श्ट्राइफ याने तिथे पहिला छापखाना काढला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या एवढ्याशा राज्यात असे वीसहून अधिक कारखाने चालू होते.

काम असे चाले. लाकडी ठशावर नक्षी कोरायची. कारागीर ठसा रंगाच्या गादीवर दाबून कापडावर उठवी आणि वरून मोगरीने ठोके. प्रत्येक कारागिराजवळ एक लहान मूल असे. गादीवर रंग सारखा पसरत राहणे हे त्याचे काम. जेवढे रंग, तेवढे ठसे. छापलेले लांबच लांब कापड वाळवायला उंच लाकडी मनोरे बांधलेले असत. त्यांच्या वरच्या मजल्यावरून कापडाचे पट्टे खाली सोडत. असे काही वाळवण-मनोरे आजही उभे आहेत. ज्या समाजात छिपा आणि रंगरेज बिरादऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या हेच काम केले, त्यातल्या वाचकाला हे वर्णन ओळखीचे वाटेल.

रंगही पूर्वेचाच. मंजिष्ठेच्या मुळापासून, तेलाचे हात देत देत काढलेला पक्का लाल रंग युरोपात 'तुर्की लाल' म्हणून ओळखला गेला. एदिर्ने शहराच्या नावानेही तो ओळखला जाई. ही कृती युरोपीय कारागिरांनी उस्मानी प्रदेशांतून मिळवली. नक्षीचेही तेच. ग्लारुसचा लाल रुमाल आज त्या राज्याची खूण मानला जातो. तिथली माणसे तो अभिमानाने गळ्यात बांधतात. त्यावरची ठळक नक्षी कोणती? आपल्या साडीच्या पदरावर आणि मेंदीच्या हातावर असते ती कोयरी! काश्मिरी शालीवरची ही बुट्टी युरोपात गेली, स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावाच्या नावाने मिरवू लागली आणि आल्प्सच्या दरीतही रुजली. अशा रुमालाला इंग्रजीत 'बंडाना' म्हणतात, तो शब्दही 'बांधणी'शी नाते सांगणारा.

ग्लारुसच्या व्यापाऱ्यांची नजर दूरवर होती. इटलीतल्या अँकोना बंदरात त्यांच्या पेढ्या होत्या. तिथून माल इस्तंबूल, बाल्कन आणि पूर्वेकडे जाई. तुर्की स्त्रिया डोक्याला जो छापील चौकोनी रुमाल बांधतात त्याला 'यझ्मा' म्हणतात. ग्लारुसमध्ये तो 'यास्मा' झाला आणि गठ्ठ्यांनी छापला जाऊ लागला. पुरुषांच्या टोपीभोवती गुंडाळायचे रुमालही निघाले. श्वान्डन गावचा कोनराड ब्लूमर १८४० मध्ये आशियाच्या सफरीवर निघाला तो बाजार आणि नमुने पाहण्यासाठीच. पुढे जावामधल्या बातिक कापडाची नक्कलही या दरीत होऊ लागली. कोणत्या मुलुखात कोणती किनार चालते, शोकाला कोणता रंग लागतो, लग्नाला कोणता, हे या डोंगरातल्या लोकांनी बारकाईने शिकून घेतले होते. गिऱ्हाइकाच्या धर्माची त्यांना अडचण वाटली नाही.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर इतिहास अपुरा राहील. स्वस्त युरोपीय माल आला तेव्हा हिंदुस्थानात आणि उस्मानी मुलुखात ठसे मारणाऱ्यांचे हात रिकामे झाले. ज्यांच्याकडून हुनर घेतला, त्यांच्याच बाजारात त्याची नक्कल विकली गेली. खुद्द ग्लारुसमध्येही यंत्राने घरगुती सूतकताई मारली. भुकेने गांजलेल्या काही कुटुंबांनी १८४५ मध्ये अमेरिकेत जाऊन विस्कॉन्सिनमध्ये 'न्यू ग्लारुस' वसवले. मालेगाव-भिवंडीच्या मागवाल्यांना मंदी आणि स्थलांतर यांचे नाते कोणी शिकवायला नको.

बारा तासांचा कायदा

कारखान्यांबरोबर कारखान्यांचे हालही आले. चौदा-पंधरा तासांचा दिवस आणि रंगाच्या गादीपाशी उभी मुले. पण ग्लारुसच्या कामगाराकडे मुंबईच्या किंवा मँचेस्टरच्या कामगाराकडे नसलेली एक गोष्ट होती : मैदानातल्या रिंगणात मालकाइतकेच त्याचे एक मत. १८६४ मध्ये याच सभेने कारखान्यांचा कायदा केला. दिवसाचे काम बारा तासांहून जास्त नाही, रात्रपाळी बंद, शाळकरी वयाच्या मुलांना कारखान्यात बंदी, बाळंतिणीला सहा आठवडे कामापासून मुभा. प्रौढ पुरुषांच्या कामाचे तासही कायद्याने बांधणारे हे युरोप खंडातले पहिल्या काही उदाहरणांपैकी एक. १८७२ मध्ये हे तास अकरा झाले. १८७७ मध्ये साऱ्या स्वित्झर्लंडने तोच नियम स्वीकारला. मोलिस गावचा डॉक्टर फ्रिडोलिन शूलर पुढे संघराज्याचा कारखाने-निरीक्षक झाला.

हिंदुस्थानात १८८१ च्या कायद्याने केवळ मुलांच्या कामावर मर्यादा घातली. कापड गिरणीतल्या प्रौढ पुरुषाला बारा तासांचा दिवस कायद्याने मिळाला तो १९११ मध्ये. ग्लारुसनंतर सत्तेचाळीस वर्षांनी.

एका रात्रीत राख

१० मे १८६१ च्या रात्री शहरात आग लागली. दरीतून फ्यॉन नावाचा कोरडा, उष्ण, वादळी वारा वाहतो. तो त्या रात्री जोरात होता. सकाळपर्यंत सुमारे ६०० इमारती, म्हणजे शहराचा दोन तृतीयांश भाग, जळून गेला. दोन हजारांहून अधिक लोक बेघर झाले. झ्विंग्लीने जिथे प्रवचने दिली ते जुने चर्चही गेले. म्हणूनच आज ग्लारुसमध्ये मध्ययुगीन गल्ल्या फारशा दिसत नाहीत. बर्नहार्ड सिमोन आणि योहान कास्पर वोल्फ या वास्तुकारांनी सरळ रस्त्यांचे, चौकोनी आखणीचे नवे शहर रेखले. आल्प्सच्या कुशीत असा आखीव नकाशा पाहून नवख्याला आश्चर्य वाटते. या आगीने विमा कंपन्यांचे कंबरडे मोडले. विमा कंपन्यांचाच विमा उतरवणारी संस्था हवी, हे उमगले आणि १८६३ मध्ये झुरिकला 'स्विस री' स्थापन झाली. आज ती जगातल्या सर्वांत मोठ्या पुनर्विमा कंपन्यांपैकी एक आहे.

आना गोल्डी

या शहराच्या वारशात एक काळे पान आहे. आना गोल्डी ही परगावची गरीब मोलकरीण. योहान याकोब चूडी या डॉक्टर आणि न्यायाधीशाच्या घरी ती कामाला होती. त्याच्या लहान मुलीच्या दुधात टाचण्या सापडू लागल्या. मग मुलगी टाचण्या ओकते अशी आवई उठली आणि आळ आनावर आला. तिचा छळ करून कबुली घेतली गेली. जून १७८२ मध्ये तलवारीने तिचा शिरच्छेद झाला. निकालपत्रात चेटूक हा शब्द टाळून विषप्रयोग असे लिहिले गेले, कारण युरोपात ज्ञानोदयाचे वारे वाहत होते आणि न्यायाधीशांना त्याची लाज होती. मालकाने आपल्या मोलकरणीशी ठेवलेले संबंध बाहेर पडू नयेत म्हणून हा खटला रचला गेला, असे अभ्यासक मांडतात. लेमन नावाच्या जर्मन पत्रकाराने खटल्याची कागदपत्रे बाहेर आणली. त्यावर लिहिताना इतिहासकार श्ल्योत्सर याने 'न्यायाने केलेला खून' या अर्थाचा जर्मन शब्द घडवला. तो त्या भाषेत कायमचा राहिला.

सव्वादोनशे वर्षांनी तिला निर्दोष ठरवण्याची मागणी झाली, तेव्हा सरकारने आधी नकार दिला. पण मागणी थांबली नाही. २७ ऑगस्ट २००८ रोजी ग्लारुसच्या विधिमंडळाने तो खटला म्हणजे न्यायाने केलेला खून होता हे मान्य केले. २०१४ पासून ग्लारुसच्या न्यायालयाच्या इमारतीत माळ्यावर दोन दिवे तिच्या नावाने सतत जळत ठेवले आहेत. २०१७ मध्ये शेजारच्या एनेन्डा गावात तिचे संग्रहालय उघडले, तेही कापड वाळवण्याच्या एका जुन्या मनोऱ्यात. न्यायालयाने स्वतःच्या छपराखाली स्वतःच्या अन्यायाचा दिवा लावावा, हा वारसा आम्हाला किल्ल्या-राजवाड्यांहून मोठा वाटतो.

मिनार आणि बुरखा

स्वित्झर्लंडमध्ये आज शंभरांत पाच-सहा माणसे मुस्लिम आहेत. त्यांतले बहुसंख्य तुर्कस्तान आणि बाल्कनमधून आलेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आधी मजूर म्हणून, नंतर युद्धाला कंटाळून. म्हणजे ग्लारुसचे रुमाल ज्या मुलुखात जात, त्याच मुलुखातले.

२९ नोव्हेंबर २००९ रोजी नवे मिनार बांधायला बंदी घालावी का, यावर देशभर मतदान झाले. त्या वेळी साऱ्या देशात चारच मिनार होते. ५७.५ टक्के मतदारांनी बंदीच्या बाजूने कौल दिला. ग्लारुसमध्ये तर दोन तृतीयांशांहून अधिक मते बंदीला पडली. आना गोल्डीला न्याय मिळून सव्वा वर्षच झाले होते.

आठ वर्षांनी, मे २०१७ मध्ये, सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यास बंदी घालणारा प्रस्ताव ग्लारुसच्या मैदानात आला. तो लोकांनी ठळक बहुमताने फेटाळला. हे मत बंद पेटीत नव्हते. शेजाऱ्याच्या देखत हात वर करून दिलेले होते. यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. प्रश्न वेगळा होता, काळ वेगळा होता. शिवाय ७ मार्च २०२१ च्या देशव्यापी मतदानात ५१.२ टक्क्यांनी तशी बंदी मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती ग्लारुसलाही लागू आहे. बुरख्याविषयी आपल्या समाजातही एकमत नाही, आणि ते नसणे वाईट नाही. पण स्त्रीने काय घालावे हे मौलवीने ठरवू नये असे म्हणणाऱ्याने ते सरकारनेही ठरवू नये असे म्हटले, तरच त्याच्या बोलण्याला वजन येते. २०१७ मध्ये ग्लारुसच्या लोकांनी समोरासमोर उभे राहून त्या दिशेने हात वर केला, एवढे नोंदवणे इतिहासाचे काम आहे.

नेफेल्सच्या फ्रॉइलर राजवाड्यात ग्लारुस राज्याचे संग्रहालय आहे. तिथे कापड छपाईचे दालन आहे. कोयरीच्या नक्षीचे रुमाल तिथे वारसा म्हणून जपले जातात. तो त्यांचा वारसा आहेच. लाकडाला ठसा कोरणारे, गादीवर रंग पसरणारे, बारा तासांसाठी हात वर करणारे लोक त्यांचेच होते. पण त्या लाल रंगात एदिर्नेच्या रंगाऱ्याचा, त्या कोयरीत काश्मीरच्या विणकराचा आणि त्या खपात अनातोलियातल्या कुणा अनाम बाईचाही वाटा आहे. वारसा एकट्याचा नसतो, हे ज्या दिवशी जपणाऱ्यांच्या लक्षात येते, त्या दिवशी मिनार आणि माथ्यावरचा रुमाल यांची भीती कमी होऊ लागते. हे ग्लारुसने जसे शिकायचे आहे, तसे आपल्या मुलुखातही अनेकांनी शिकायचे आहे. आणि चूक उमगल्यावर माळ्यावर दिवा कसा लावायचा, हे आपण सर्वांनी ग्लारुसकडून शिकावे.